रिकाम्या मशीनवरची कसोटी: गेमिंग प्रोसेसर चाचण्यांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत प्रोसेसर घ्यायला येणारा पोरगा आता नुसतं ‘एफपीएस किती?’, म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात, एवढं विचारून गप्प बसत नाही. ‘डिस्कॉर्डवर गप्पा चालू, क्रोममध्ये वीस टॅब, वर खेळाचं थेट स्ट्रीम. मग किती?’ असं विचारतो. चाचण्या घेणाऱ्यांनी हा प्रश्न कितीतरी वर्षं उंबऱ्याबाहेर उभा ठेवला होता.

त्याला कारण होतं. अँटिव्हायरस कधी जागा होईल, विंडोजचं अपडेट कधी उतरायला लागेल, याचा नेम नसतो. आज आलेला आकडा उद्या पुन्हा यायचा तर मागचं सगळं बंद करणं भाग होतं. त्यातून नव्याने टाकलेली विंडोज, आणि ग्राफिक्स कार्ड आड न येता प्रोसेसरचाच वेग दिसावा म्हणून सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड आणि कमी रिझोल्यूशन, असा रिवाज पडला. कॅफेत काउंटर-स्ट्राइक लावण्याआधी आपणही बाकीच्या खिडक्या बंद करायचोच की! २००२ मध्ये पेंटियम ४ ला हायपर-थ्रेडिंग (एकाच प्रोसेसरवर दोन कामं एकदम चालवायची सोय) मिळालं, २००५ मध्ये घरगुती मशीनमध्ये दोन कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) आले, तरी बहुतेक गेम एकाच कोअरवर रेटत राहिले. त्यामुळे रिवाज कुणाला खुपला नाही.

२०१७ ने तो खुपवला. जानेवारीत आलेला इंटेलचा आय७-७७००के चार कोअरचा होता, मार्चमध्ये आलेला एएमडीचा रायझन ७ १८००एक्स आठ कोअरचा. रिकाम्या मशीनवर, १०८०पी ला, बहुतेक गेममध्ये पहिला पुढे. पण गेम आणि एन्कोडिंग (स्ट्रीमसाठी व्हिडिओ दाबून लहान करणं) एकाच प्रोसेसरवर टाकलं की पारडं फिरायचं. चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) असलेल्या इंटेलच्या आय५ ची गत तर त्याआधीच बॅटलफील्ड १ च्या ६४ खेळाडूंच्या सामन्यांत दिसली होती. सरासरी छान, आणि ऐन गोळीबारात झटके. शाहू स्टेडियमवर पेठांचे समर्थक जसे एकमेकांना भिडतात, तसे निळे (इंटेलवाले) आणि लाल (एएमडीवाले) तेव्हा भिडले. दोघांचेही आकडे खरे होते.

मग २०१९ मध्ये एएमडीचं एक प्रात्यक्षिक आलं. बारा कोअरचा रायझन ९ ३९००एक्स आणि आठ कोअरचा आय९-९९००के शेजारी शेजारी. दोन्हींवर तोच गेम, तोच स्ट्रीम. रायझनचा स्ट्रीम सुरळीत, आय९ चा प्रेक्षकांपर्यंत जवळजवळ पोचेचना. गोम एन्कोडरच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे एन्कोडिंग किती बारकाईने करायचं त्या ठरीव सेटिंगमध्ये होती. ओबीएस हे स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर मुळात ‘व्हेरीफास्ट’वर असतं. इथे ‘स्लो’ लावलं होतं. त्यात प्रत्येक फ्रेमवर कितीतरी जास्त गणित होतं, चित्र थोडं सुधारतं आणि आठ कोअरचा दम निघतो. एकाच मशीनवर खेळत थेट स्ट्रीम करणारा माणूस ‘स्लो’ लावत नाही, हा आक्षेप रास्तच होता. ‘वास्तव वापर’ म्हणायचं आणि कुणी वापरत नाही ते लावायचं! समोरच्या गोटाने, म्हणजे इंटेलनेही सोवळं पाळलं होतं असं नाही. २०१८ मध्ये त्यांनी पैसे देऊन करवून घेतलेल्या चाचणीत आठ कोअरचा रायझन ‘गेम मोड’मध्ये, म्हणजे निम्मे कोअर बंद ठेवून पळवला गेला होता. ओरड झाल्यावर आकडे पुन्हा काढावे लागले.

माझ्या मते २०१९ चं खरं नुकसान वेगळंच. प्रश्न बरोबर होता, मांडणी चुकली आणि प्रश्नच बदनाम झाला. ‘मल्टिटास्किंग चाचणी’ म्हटलं की लोक जाहिरातबाजीचा वास घ्यायला लागले. त्यात २०१८ च्या उत्तरार्धात आलेल्या ग्राफिक्स कार्डांतला एन्कोडर इतका सुधारला, की पुष्कळांनी स्ट्रीमचं ओझं प्रोसेसरवरून उतरवूनच टाकलं. ‘मग आता कशाला तपासायचं?’ हा युक्तिवाद तिथून आला. पण टॅब, व्हॉइस चॅट आणि अँटिव्हायरस ग्राफिक्स कार्डावर गेले नव्हते.

मोजमापातही घोळ आहेच. झटके सरासरीत लपतात म्हणून ‘१% लो’ आलं, पण ते काढायच्या रीती दोन. दहा हजार फ्रेममधल्या सर्वांत मंद शंभरांची सरासरी घ्या, नाहीतर त्या शंभरांच्या सीमेवरचा एकच आकडा घ्या. पहिल्या रीतीने निकाल कमीच भरतो. नाव मात्र दोन्हींना एकच.

२०२१ च्या अखेरीस इंटेलच्या बाराव्या पिढीत मोठे आणि छोटे कोअर एकत्र आले. कुठलं काम कुठे जायचं ते आता विंडोज आणि चिप मिळून ठरवतात. खिडकी मिनिमाइझ केल्यावर व्हिडिओ एक्स्पोर्ट छोट्या कोअरवर ढकलला जाऊन रेंगाळतो, अशा तक्रारी आल्या. एएमडीच्या २०२३ च्या रायझन ९ ७९५०एक्स३डी मध्ये सोळापैकी आठच कोअरना जादा कॅश (चिपमधली जलद मेमरी) आहे. गेम ओळखला की उरलेले आठ झोपवले जातात, मागचं काम वाढलं की ते उठतात. मग गेमचे थ्रेड कॅशवाल्या कोअरवरच टिकतात का? हे रिकाम्या मशीनवर दिसायचं कसं? जोर-बैठका मोजून खासबागेतली कुस्ती कळत नाही, तसंच.

आता काही जण भरलेल्या मशीनवर चाचण्या घेतात. कुणी दहा टॅब उघडतो, कुणी ओबीएस लावतो, कुणी एका कोपऱ्यात व्हिडिओ चालू ठेवतो. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येत नाही. राजारामपुरीतल्या त्या पोराला दुकानदार अजून रिकाम्या मशीनचाच आलेख दाखवतो.