व्हिसलब्लोइंग आणि इंजिनिअरची जबाबदारी

आपल्याच कंपनीत किंवा खात्यात लोकांच्या जिवावर बेतेल असं काही चाललंय हे इंजिनिअरला दिसतं, साहेबांना सांगून झालं तरी कुणी मनावर घेत नाही, मग ती गोष्ट तो सरकार, तपास यंत्रणा नाहीतर पेपरवाल्यांपर्यंत नेतो, याला व्हिसलब्लोइंग म्हणतात. असं करणाऱ्याला मराठीत जागल्या म्हणतात, म्हणजे रात्री राखण करणारा. शब्द अगदी चपखल आहे, कारण बाकीचे त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपलेले असतात.

पुलावरून जाणारा माणूस काही काँक्रीट तपासत बसत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्सच्या आचारसंहितेत पहिलंच तत्त्व आहे की जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि हित सगळ्यात वर, मालकाशी इमान त्यानंतर.

नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाचं उदाहरण सगळे देतात पण ते नीट बघायला हवं. यानाचे बूस्टर म्हणजे उड्डाणाला जोर देणारे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले इंजिनिअर रॉजर बॉइसजोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की बूस्टरच्या जोडातल्या ओ-रिंगचा, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याचा, प्रश्न सोडवला नाही तर माणसं जातील. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री नासाबरोबर फोनवर मीटिंग झाली, थंडीत रबर कडक होतं, १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका असं इंजिनिअर सांगत होते, तेव्हा त्यांच्या वरिष्ठाला सांगण्यात आलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. थायोकोलच्याच ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला, दुसऱ्यानं केली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, ७ जण गेले. विरोध एवढा ठाम होता, पण तो आतल्या आतच राहिला, बाहेर आला तो चौकशी आयोगापुढे.

मग बाहेर कधी जायचं? तत्त्वज्ञ रिचर्ड डी जॉर्ज म्हणतात, धोका गंभीर असेल, वरिष्ठांना सांगून झालं असेल आणि आतले सगळे मार्ग संपले असतील तर बोलणं योग्य, आणि हातात कागदोपत्री पुरावा असेल व बोलल्यानं धोका टळेल असं वाटत असेल तर बोलणं कर्तव्यच. सगळ्यांना हे पटत नाही, कारण पुरावा बहुतेकदा कंपनीच्याच कपाटात असतो.

सॅन फ्रान्सिस्को भागातल्या बार्ट रेल्वेच्या तीन इंजिनिअरांनी ऑटोमॅटिक ट्रेन कंट्रोलबद्दलची शंका थेट संचालकांपर्यंत नेली तर मार्च १९७२ मध्ये तिघांनाही काढून टाकलं. ऑक्टोबरमध्ये, सेवा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तोच, त्याच कंट्रोलमधल्या बिघाडानं फ्रीमाँट स्टेशनवर गाडी थांबायच्या ऐवजी रूळ संपून पुढे गेली. आयईईई ही इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची संस्था कोर्टात त्यांच्या बाजूनं उभी राहिली आणि १९७८ मध्ये तिघांचा सन्मानही केला, तोवर नोकऱ्या जाऊन सहा वर्षं झाली होती.