सातचा आकडा आला कुठून?

बायपोलर म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य असा दोन टोकांचा मनाचा आजार. तो हुडकायच्या प्रश्नावलीत सात ‘हो’ आले की संशय धरतात. बायपोलरचा रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो बहुतेक वेळा खचलेला असताना. उन्मादाच्या दिवसांत त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. उलट झोप नको, भूक नको, डोक्यात शंभर बेत. त्या दिवसांबद्दल कोणी विचारलंच नाही तर केस पेपरवर ‘नैराश्य’ लिहिलं जातं. मग नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांवर काहींचा उन्माद उसळतो.

हे दोन्ही टोकांचे आजार जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने 1899 मध्ये एका नावाखाली आणले होते. लिओनहार्ड या दुसऱ्या जर्मन तज्ज्ञाने 1957 मध्ये एकध्रुवी (नुसतं एकच टोक) आणि द्विध्रुवी (दोन्ही टोकं) असा भेद केला, आणि 1980 च्या अमेरिकन वर्गीकरणात ‘बायपोलर’ हे नाव पक्कं झालं. पण चटकन चाळणी लावता येईल असा कागद यायला 2000 साल उजाडलं. हिर्शफेल्ड आणि सहकाऱ्यांची ‘मूड डिसऑर्डर प्रश्नावली’ म्हणजे हो-नाहीचे तेरा प्रश्न. सात किंवा जास्त ‘हो’, त्यातली लक्षणं एकाच काळातली, आणि त्यापायी मध्यम किंवा गंभीर त्रास झालेला, तर चाळणी ‘पॉझिटिव्ह’. पाच अमेरिकन ओपीडींतल्या 198 रुग्णांना नंतर फोनवर सविस्तर मुलाखत घेऊन तपासलं. मुलाखत घेणाऱ्याला कागदावरची उत्तरं माहीत नव्हती. दर शंभर बायपोलर रुग्णांमागे 73 सापडले, आणि बायपोलर नसलेल्या दर शंभरांमागे 90 जणांना कागदाने बरोबर वगळलं. सात हा आकडा तिथला आहे.

तोच कागद 2003 मध्ये अमेरिकेतल्याच सर्वसाधारण लोकांवर तपासला, तेव्हा दर शंभर बायपोलर माणसांमागे जेमतेम 28 सापडले. भाषा तीच, देश तोच. फक्त माणसं दवाखान्यातली नव्हती. भाषांतराचा प्रश्न याच्याही पुढचा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ अँग्स्ट यांनी 2005 मध्ये सौम्य उन्माद हुडकायला 32 प्रश्नांची यादी मांडली, ती इटली आणि स्वीडनमधल्या रुग्णांवर तपासून. पुढे या दोन्ही प्रश्नावल्या अनेक भाषांत गेल्या आणि ठिकठिकाणी ‘किती गुणांना संशय धरायचा’ हे नव्याने ठरवावं लागलं. काही आशियाई अभ्यासांत ‘त्रास किती झाला’ ही अट काढल्यावर रुग्ण जास्त सापडले. घर सांभाळून घेतं, त्यामुळे त्रास रुग्णाच्या नजरेत भरत नसावा, असं मला वाटतं.

मुंबईत हे आणखी गुंतागुंतीचं. तेरातला एक प्रश्न लैंगिक इच्छेबद्दल आहे, एक पैसे उधळण्याबद्दल. शेजारच्या खुर्चीवर सासू किंवा मोठा भाऊ बसलेला असताना पहिल्याचं उत्तर ‘नाही’च येणार. वाचता येत नसेल तर कागद दुसरं कोणी वाचून दाखवतं, आणि ती स्वतः भरायची प्रश्नावली राहत नाही.

म्हणून मराठीत उतरवून, पडताळ्यासाठी ते परत इंग्रजीत करून (उलट भाषांतर) घेऊन काम संपत नाही. प्रश्नावली भरून घेतल्यावर प्रत्येकाची, ‘निगेटिव्ह’ आलेल्यांचीही, प्रशिक्षित माणसाने स्वतंत्र मुलाखत घ्यायला हवी. नेमकी हीच पायरी खर्चिक, म्हणून गाळली जाते. फक्त ‘पॉझिटिव्ह’ना पुन्हा बोलावलं तर निसटलेले कधी मोजलेच जात नाहीत.

शिवाय साधा हिशेब: हजार लोकांत दहा बायपोलर धरले, तर मूळ आकड्यांनी सात सापडतील आणि सोबत बायपोलर नसलेली 99 माणसंही अडकतील. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचं आयुष्यभरातलं प्रमाण 0.5 टक्के निघालं, हजारात पाचच, म्हणजे खरी परिस्थिती या हिशेबाहून अवघड. त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता.