गाळणं महाग कसं करायचं?

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या व्यवहारांच्या वहीवर, कुणा एकाची सत्ता नसते म्हणतात. एका ब्लॉकपुरती, म्हणजे वहीच्या एका पानापुरती, मात्र असते. इथेरियम या ब्लॉकचेनवर दर 12 सेकंदांनी, व्यवहार तपासणाऱ्या लाखो व्हॅलिडेटर्समधून यदृच्छेने निवडलेला एक प्रस्तावक ब्लॉक मांडतो. कोणता व्यवहार घ्यायचा नि कोणता गाळायचा, ही तेवढ्यापुरती त्याची मर्जी. त्यातही बहुतेक प्रस्तावक ब्लॉक जुळवायचं काम बिल्डरांकडे सोपवतात, आणि बडे बिल्डर बोटांवर मोजण्याइतकेच.

ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने टोर्नेडो कॅश या नाण्यांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध लादले आणि अनेक बिल्डर तिचे व्यवहार वगळू लागले. ते व्यवहार थांबले नाहीत, रखडले. कुणीतरी न गाळणारा प्रस्तावक पुढेमागे येतोच. पण ब्लॉकचेनवर चालणाऱ्या लिलावात रखडणं म्हणजेच हरणं. समजा लिलाव याच ब्लॉकला संपतोय आणि तुम्ही बोलीसोबत प्रस्तावकासाठी 1 नाणं टिप ठेवलीत. प्रतिस्पर्ध्याने प्रस्तावकाला 1 नाण्याहून किंचित जास्त लाच दिली की तुमची बोली बाद, मग ती कितीही मोठी असो.

आता एकाच ब्लॉकसाठी दहा प्रस्तावक धरा. प्रत्येकाची यादी वेगळी, सगळ्या याद्या मिळून एक ब्लॉक. गाळायचं तर दहाही जण फोडायला हवेत. 2023 मध्ये फॉक्स, पै आणि रेझनिक या संशोधकांनी यावर एक झकास युक्ती मांडली: टिप सशर्त ठेवा. व्यवहार एकट्यानेच घेतला तर त्याला 10 नाणी, सगळ्यांनी घेतला तर प्रत्येकी नाण्याचा दहावा भाग. एरवी तुमचा खर्च 1 नाणंच. पण बाकीचे गप्प बसले तर लाच नाकारून व्यवहार घेणाऱ्याला 10 नाणी दिसतात, म्हणून लाच देणाऱ्याला प्रत्येकामागे 10 हून अधिक, एकूण 100 च्या वर मोजावी लागतात. प्रस्तावक सज्जन असण्याची गरजच उरत नाही.

दुखणी आहेतच. तोच व्यवहार दहा याद्यांत आला की बँडविड्थ वाया जाते. क्रम ठरवायला ठाम नियम लागतो, उदाहरणार्थ जास्त शुल्क आधी. सर्वांत चिवट दुखणं म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत थांबून, इतरांच्या याद्या चाळून मग आपली पुढे करणारा प्रस्तावक. त्यावर उतारा म्हणून सगळ्या याद्या पक्क्या होईपर्यंत मजकूर कूटबद्ध ठेवता येतो, पण त्याने यंत्रणा बरीच गुंतागुंतीची होते.

म्हणूनच मला 2024 मध्ये पुढे आलेला फोसिल हा मधला मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो. प्रस्तावक एकच, पण 16 व्हॅलिडेटर्सची समिती ‘हे व्यवहार घ्याच’ अशा याद्या काढते. त्या डावलणाऱ्या ब्लॉकला इतर व्हॅलिडेटर मतच देत नाहीत. सवलत एकच: ब्लॉक भरलेला असेल तर यादीतले व्यवहार राहिले तरी चालतात. मग गाळणारा फालतू व्यवहारांनी ब्लॉक भरून टाकणार नाही का? टाकेल, पण प्रत्येक गच्च ब्लॉकमागे इथेरियमचं मूळ शुल्क, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला भरावंच लागणारं शुल्क, 12.5 टक्क्यांनी चढतं. म्हणजे 72 सेकंदांत दुप्पट.