मेनसेल रीफ करण्याविषयी: लहान शिडाच्या बोटी वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत नवे मेनसेल (मुख्य शीड) शिवून घेणाऱ्या, तसेच जुन्या मेनसेलला रीफची ओळ बसवून घेणाऱ्या ग्राहकांना हे पत्रक शिडासोबत दिले जाते. रीफ घेणे म्हणजे वारा वाढल्यावर शिडाचा खालचा भाग बांधून शीड लहान करणे; त्यासाठी शिडात बसवलेली कड्यांची व छिद्रांची आडवी ओळ म्हणजे रीफची ओळ. एक डोलकाठी व बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) असलेल्या, साधारण १८ ते २६ फुटांच्या बोटी आम्ही येथे गृहीत धरल्या आहेत. रीफच्या ओळीजवळ फाटलेली शिडे आमच्याकडे दुरुस्तीसाठी येतात, तेव्हा दोष बहुधा कापडाचा किंवा शिलाईचा नसतो. जो भार दोन कोपऱ्यांनी घ्यायचा, तो मधल्या कापडावर आलेला असतो. म्हणून पुढे दिलेला क्रम पाण्यावर जाण्यापूर्वी एकदा बोट मूरिंगवर (बांधून ठेवलेली) असतानाच करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

रीफ केव्हा घ्यावा

शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १२ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १७ नॉटवर गेला की दाब दुप्पट होतो, आणि २४ नॉटवर गेला तर चौपट. पहिल्या रीफने शिडाचे क्षेत्रफळ साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी होते. म्हणजे पहिला रीफ हा वारा थोडा वाढला असतानाचा उपाय आहे, खूप वाढल्यानंतरचा नव्हे. प्रत्येक बोटीचा आकडा वेगळा असला तरी सुकाणू आपल्याला तो सांगतेच. बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते, टिलर (सुकाणूचा दांडा) जोर लावून धरावा लागतो, प्रत्येक झोतासरशी मेनशीट (बूम आवरून धरणारा दोर) सैल सोडावी लागते आणि बोट २० ते २५ अंशांपेक्षा अधिक कलून राहते, ही लक्षणे दिसली की रीफची वेळ झाली असे समजावे. एवढ्या कललेल्या बोटीचे वळवून धरलेले सुकाणू ब्रेकसारखे पाणी अडवते, त्यामुळे रीफ घेतल्यावर वेग घटत नाही, पुष्कळदा थोडा वाढतोच. (रीफ घेतलेला पाहून शेजारच्या बोटीवरून कोणी टोमणा मारलाच, तर तो ऐकून घ्यावा, पुढच्या झोताला तीच बोट आडवी झालेली दिसण्याचा संभव असतो.)

मुंबई बंदरातील आमच्या ग्राहकांसाठी एक गोष्ट येथे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारी वायव्येकडून समुद्रवारा सुटतो. गेटवेहून मांडव्याकडे निघालेल्या बोटीला तो जवळजवळ पाठीमागून मिळतो. वारा १५ नॉटचा आणि बोट ५ नॉटने चाललेली असेल, तर बोटीवर तो जेमतेम १० नॉटचा भासतो आणि सारे कसे सुखाचे वाटते. परतताना मात्र त्याच वाऱ्याविरुद्ध बोट तिरपी चालवावी लागते, आणि तेव्हा तोच वारा १८–१९ नॉटचा होऊन अंगावर येतो. म्हणून परतीचा रीफ मांडव्यालाच, शीड चढवण्यापूर्वी घ्यावा. मे महिन्यात नैर्ऋत्येचा वारा आणि बाहेर धावणारी ओहोटी समोरासमोर आली की लाटा आखूड व उभ्या होतात. अशा पाण्यात डोलकाठीपाशी उभे राहून दोर ओढणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. काळा ढग व त्याखाली पाण्यावर पांढरी रेघ दिसली, तर रीफचा विचार न करता मेनसेल पूर्ण उतरवावे.

क्रम

वारा पाठीमागून असताना शीड डोलकाठीच्या आधारदोरांवर दाबले जाते व खाली सरकत नाही. म्हणून बोट आधी वाऱ्याकडे आणावी, पण अगदी तोंडावर नव्हे. वारा पुढून ५० ते ६० अंशांवर ठेवून जिबवर (पुढच्या लहान शिडावर) बोट हळूहळू चालती ठेवावी. सोबतीला कोणी नसेल तर जिब उलट्या बाजूला भरून आणि टिलर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधून बोट जवळपास स्थिर करता येते. मात्र जहाजांच्या मार्गात हे करू नये, कारण अरुंद मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाइफ जॅकेट आधीच घातलेले असावे.

मेनशीट आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) सैल सोडून शीड फडफडू द्यावे. टॉपिंग लिफ्ट (बूमचे मागचे टोक वरून तोलणारी दोरी) असल्यास ती ताणून बूमचे वजन तिच्यावर घ्यावे, नाही तर बूम कॉकपिटमधील माणसांच्या डोक्यावर येतो. त्यानंतर हॅलियार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत सोडावा आणि लफवरची, म्हणजे डोलकाठीलगतच्या कडेवरची, रीफची कडी गूसनेकच्या (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याच्या) हुकात अडकवावी. हॅलियार्डवर ही खूण जाड दोऱ्याने शिवून घ्यावी. मार्करची खूण उन्हात व खाऱ्या पाण्यात लवकर पुसट होते.

आता हॅलियार्ड पुन्हा ताणावा, आणि तो इतका की लफच्या बाजूने उभी चुणी दिसू लागेल. हे पूर्ण झाल्यावरच मागच्या कोपऱ्याची रीफ लाइन (रीफची मागची कडी बूमकडे ओढणारा दोर) ओढावी. घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो: मागचा कोपरा आधी ओढला की सगळे कापड मागे खेचले जाते, पुढची कडी हुकातून निसटते, आणि मग हॅलियार्ड कितीही ओढला तरी लफ ताणला जात नाही. रीफ लाइन ओढताना शिडाची खालची कड सपाट होईपर्यंत थांबू नये, कारण पोट सुटलेले रीफ केलेले शीड बोटीला पूर्ण शिडाइतकेच कलवते. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल करून व्हँग व मेनशीट पुन्हा ओढून घ्यावी.

मधल्या छिद्रांतील दोऱ्या, म्हणजे रीफ पॉइंट, सर्वांत शेवटी आणि हलक्या हाताने बांधाव्यात. पडदा बाजूला बांधणारी पट्टी जशी पडद्याचे वजन पेलत नाही, तसेच यांचे आहे: त्यांनी फक्त लोंबते कापड आवरायचे असते. शिडाची खालची कड बूमला जोडलेली नसेल, तर या दोऱ्या बूमभोवती न बांधता कापड आणि बूम यांच्या मधून घ्याव्यात. लहान फेऱ्यांत त्या बांधल्याच नाहीत तरी आमची हरकत नाही.

मागच्या कडीतून बूमभोवती एक स्वतंत्र पट्टा बांधून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. रीफ लाइन तुटलीच तर कोपरा वर उडतो आणि सगळा भार क्षणात त्या लहान छिद्रांवर येतो. हा पट्टा तेवढे टाळतो.

रीफ सोडताना आधी सर्व रीफ पॉइंट सोडावेत व एकही राहिला नाही ना हे हाताने चाचपून पाहावे, मग रीफ लाइन, मग पुढची कडी, आणि शेवटी हॅलियार्ड. एक गाठ राहून हॅलियार्ड विंचवर (दोर ओढण्याच्या चरखीवर) ओढला गेला, की छिद्रापासून वर सरळ चीर जाते.

दोर आणि निगा

रीफ लाइनसाठी ८ मिलिमीटरचा कमी ताणला जाणारा पॉलिस्टर दोर वापरावा. नायलॉन ताण आला की लांबतो, त्यामुळे शीड पुन्हा पोट काढते. बाजारात मिळणारा स्वस्त पॉलिप्रॉपिलीन दोर उन्हात लवकर ठिसूळ होतो. बूमवरील रीफ लाइनची कप्पी कडीच्या थोडी मागे असावी, म्हणजे दोर कोपऱ्याला खाली आणि मागे दोन्हीकडे खेचतो. एकाच दोराने दोन्ही कोपरे ओढणारी व्यवस्था सोयीची दिसते, पण तिच्यात घर्षण बरेच असते. २० फुटांच्या आसपासच्या बोटीला आम्ही दोन वेगळे दोरच सुचवतो. कड्यांभोवतीची शिलाई दर हंगामापूर्वी तपासावी, कारण कापडाआधी धागा उन्हाने कुजतो, आणि शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवूनच घडी घालावी.

जुन्या मेनसेलला दुसरी रीफची ओळ बसवायची असल्यास शिडासोबत बूमची लांबी, गूसनेकच्या हुकाचे छायाचित्र आणि बूमवरील कप्प्यांची गूसनेकपासूनची अंतरे पाठवावीत. अंतरे मिलिमीटरमध्ये, बूमच्या वरच्या कडेवरून मोजलेली असावीत.