पार्श्वभूमी: ‘प्रभू’ म्हणजे नेमका कोण?

नवा करार येशूला देव म्हणतो का, हा वाद मराठीत बहुतेक वेळा योहानाच्या पहिल्याच ओळीवर सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो. ‘शब्द देव होता.’ (‘शब्द’ म्हणजे येशू.) एकाला वाटते, आता आणखी काय सांगायचे राहिले? दुसरा म्हणतो, मूळ ग्रीक वाचा, तिथे तसे नाही. ही ओळ महत्त्वाची आहे, तिच्याकडे येऊच. पण माझ्या मते खरी गाठ ‘प्रभू’ या साध्या, रोजच्या प्रार्थनेत झिजलेल्या शब्दात आहे. ती योहानाच्या शुभवर्तमानाहून तीसचाळीस वर्षांनी जुनीही आहे.

जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायाच्या ३२ व्या वचनात एक आश्वासन आहे: जो कोणी परमेश्वराच्या नावाचा धावा करील तो तरेल. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, १०:१३ मध्ये, हेच वाक्य येते. पण मराठी पवित्र शास्त्रात तिथे धावा करायचा आहे तो ‘प्रभूच्या’ नावाचा. चारच वचने वर पौलाने सांगितलेले असते की ‘येशू प्रभू आहे’ असे तोंडाने कबूल करा. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर योएलमध्ये परमेश्वर आणि रोमकरांस पत्रात प्रभू असे दोन शब्द असतात, त्यामुळे त्याला इथे काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. आपल्या हाती असलेल्या ग्रीक प्रतींत मात्र दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘कुरिओस’. ज्या वाक्यात इस्राएलच्या देवाला हाक मारायची आहे, तेच वाक्य पौल येशूच्या संदर्भात वापरतो आणि त्याबद्दल स्पष्टीकरणाचा एक शब्दही लिहीत नाही. वाचकांना हे आधीच ठाऊक असल्यासारखा तो पुढे निघून जातो.

असे एकदाच घडलेले नाही. यशयाच्या ४५ व्या अध्यायात परमेश्वर स्वतःची शपथ वाहून म्हणतो की माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. ‘माझ्यावेगळा दुसरा देव नाही’ हे ठासून सांगणारा हा अध्याय आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो गुडघा येशूच्या नावापुढे टेकतो आणि प्रत्येक जीभ ‘येशू ख्रिस्त कुरिओस आहे’ असे कबूल करते. करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) पौल ‘एकच देव, पिता’ आणि ‘एकच प्रभू, येशू ख्रिस्त’ असे जोडवाक्य लिहितो. ज्यू माणूस रोज सकाळसंध्याकाळ म्हणतो ते ‘हे इस्राएला, ऐक’ हे वाक्य ज्याच्या कानात आहे, त्याला त्यातलेच ‘देव’ आणि ‘प्रभू’ हे दोन शब्द इथे वाटून दिलेले ऐकू येतात. ही सगळी पत्रे इ.स. ५० ते ६२ च्या आसपासची, म्हणजे क्रुसानंतर दोनतीन दशकांच्या आतली आहेत.

मग प्रश्न मिटलाच की. पण तो मिटलेला नाही, कारण ‘कुरिओस’ हा फार पसरट शब्द आहे. घराचा मालक कुरिओस, गुलामाचा धनी कुरिओस, अनोळखी माणसाला आदराने हाक मारायची तर तोही कुरिओस. पेत्राच्या पहिल्या पत्रात सारा आपल्या नवऱ्याला, अब्राहामाला, कुरिओस म्हणते. आपल्याकडे खेड्यात बायका नवऱ्याला ‘मालक’ किंवा ‘धनी’ म्हणत, तसेच ते. प्रेषितांच्या कृत्यांत (२५:२६) रोमन सुभेदार सम्राटालाही कुरिओस म्हणतो. तेव्हा ‘येशू प्रभू आहे’ एवढ्यावरून तो देव ठरत नाही. तो कोणत्या अर्थाने प्रभू, हाच तर मुद्दा.

१९१३ साली एका जर्मन अभ्यासकाने यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी अशी की यरुशलेममधल्या पहिल्या शिष्यांनी येशूला कधी प्रभू म्हणून भजले नाही. अंत्युखियासारख्या ग्रीकभाषक शहरांत, जिथे इसिसपासून सेरापिसपर्यंत सगळी दैवते ‘कुरिओस’ किंवा ‘कुरिया’ होती, तिथे ही उपाधी येशूला चिकटली. थोडक्यात, येशूचे देवपण ही परप्रांतातून आलेली भर. पुढची पन्नास वर्षे या मांडणीचा दबदबा होता. तिला अडचण होती एका छोट्या शब्दाची. करिंथच्या ग्रीक लोकांना लिहिताना पौल शेवटी अचानक ‘मरानाथा’ असे अरामी भाषेत लिहितो. (मराठी कानाला त्यात ‘नाथ’ ऐकू येतो, पण तो योगायोग.) अर्थ ‘आमच्या प्रभू, ये’ किंवा ‘आमचा प्रभू आला आहे’. ग्रीक मंडळीत अरामी प्रार्थना टिकून राहिली, याचा अर्थ ती अरामी बोलणाऱ्यांकडून, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या जुन्या मंडळींकडून आली असणार. गेलेल्या माणसाला उद्देशून ‘ये’ अशी प्रार्थना तिथेच सुरू झाली असेल, तर उपाधी अंत्युखियात जन्मली असे म्हणता येत नाही.

यानंतर वादाला वेगळेच वळण लागले आणि ते पपायरसांनी, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदावरच्या हस्तलिखितांनी, लावले. हिब्रू शास्त्रात देवाचे चार अक्षरी नाव ६,८०० हून अधिक वेळा येते. ते उच्चारायचे नाही, वाचताना ‘अदोनाय’ म्हणायचे, ही प्रथा. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तमध्ये या शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्याच्या ज्या प्रती चर्चने जपल्या त्यांत या नावाच्या जागी सर्रास ‘कुरिओस’ आहे, म्हणून पौलाच्या प्रतीतही तेच असणार असे सगळे धरून चालले होते. १९४४ मध्ये इजिप्तमधल्या एका ग्रीक अनुवादाचा तुकडा प्रसिद्ध झाला. तो इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्यात ग्रीक मजकुराच्या मध्येच ती चार हिब्रू अक्षरे होती. पहिल्या लेखनिकाने जागा मोकळी सोडलेली, दुसऱ्या हाताने ती भरलेली. १९५० च्या दशकात मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरच्या गुहेतून बारा लहान संदेष्ट्यांची ग्रीक गुंडाळी आली. तिच्यात हेच नाव आणखी जुन्या हिब्रू वळणात लिहिलेले. मृत समुद्राकाठच्याच कुमरानच्या गुहांतल्या लेवीय पुस्तकाच्या एका ग्रीक प्रतीत तर ते ग्रीक अक्षरांत, ‘इआओ’ असे उच्चारानुसार लिहिले आहे. ख्रिस्तपूर्व प्रतींत जिथे हे नाव यायला हवे तिथे ‘कुरिओस’ लिहिलेला एकही निर्विवाद नमुना मिळत नाही.

हे कळल्यावर दोन टोके तयार झाली. १९७७ मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाने सुचवले की नव्या कराराच्या लेखकांनीही अवतरणांत ती हिब्रू अक्षरेच ठेवली असणार. नंतरच्या, ज्यू नसलेल्या लेखनिकांनी ती काढून ‘कुरिओस’ घातले आणि त्या गोंधळात देव आणि येशू एकमेकांत मिसळले. एका धर्मगटाने तर १९५० मध्येच आपल्या इंग्रजी नव्या करारात २३७ ठिकाणी ‘जेहोवा’ घालून टाकले होते. आज त्यांचे मराठी भाषांतरही मिळते, त्यात ‘यहोवा’ आहे. तसे वाचले की रोम १०:१३ मधला धावा येशूचा राहतच नाही. दुसऱ्या टोकाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात उत्तर दिले की मूळ भाषांतरात ‘कुरिओस’च होते, हिब्रू अक्षरे ही नंतरच्या कर्मठांनी मुद्दाम आणलेली जुनी ढब आहे.

मला यातले पहिले टोक पटत नाही, आणि कारण साधे आहे. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांवर आहे आणि त्यांतल्या एकातही ती चार अक्षरे नाहीत. पौलाच्या पत्रांची सर्वांत जुनी मोठी प्रत, पी-४६, इ.स. २०० च्या सुमाराची. तिच्यात ‘कुरिओस’ आखूड करून दोन अक्षरांत लिहिले आहे, वर आडवी रेघ. देवासाठीही तसेच आणि येशूसाठीही तसेच. इतक्या दूरदूरच्या मंडळ्यांतल्या इतक्या प्रतींतून एक पवित्र नाव मागमूस न ठेवता पुसले गेले, हे मानायला काही तरी पुरावा हवा. शिवाय कागदावर काहीही असो, तोंडाने काय म्हणत? पौलाच्याच काळातला अलेक्झांड्रियाचा एक ज्यू तत्त्वज्ञ ‘थेऑस’ म्हणजे देवाची सर्जक शक्ती आणि ‘कुरिओस’ म्हणजे त्याची राजसत्ता, असा अर्थ लावत बसतो. त्याच्या समोर ‘कुरिओस’ हा शब्द नसता तर हे विवेचन त्याला सुचलेच नसते. गुंडाळीत हिब्रू नाव आणि वाचणाऱ्याच्या तोंडी ‘कुरिओस’, ही स्थिती मला सर्वांत संभवनीय वाटते. पौलाची पत्रेही मंडळीत मोठ्याने वाचली जात, हे विसरू नये.

तरीही ‘प्रभू’ची बेरीज सरळ ‘देव’ अशी होत नाही. नव्या कराराने सर्वाधिक वेळा आठवलेले जुन्या करारातले वचन आहे स्तोत्र ११०:१. त्यात परमेश्वर ‘माझ्या प्रभूला’ उजवीकडे बसायला सांगतो. ग्रीकमध्ये दोन्ही कुरिओस, पण हिब्रूत दुसरा शब्द राजाला किंवा धन्याला वापरायचा. प्रेषितांची कृत्ये २:३६ मध्ये पेत्र म्हणतो की देवाने येशूला प्रभू ‘केले’, आणि ज्याला केले जाते तो आधीपासून तसा नव्हता, असा अर्थ काढणारे चौथ्या शतकातही होते. मार्क १०:१८ मध्ये येशू विचारतो, मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकच, तो म्हणजे देव. मार्क १३:३२ मध्ये शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही. आणि ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (१४:२८) हे वाक्य ज्याने ‘शब्द देव होता’ लिहिले त्या योहानाचेच.

त्या ओळीबद्दल थोडक्यात. ‘शब्द देवासह होता’ यातल्या ‘देवा’ला ग्रीकमध्ये आर्टिकल आहे, ‘शब्द देव होता’ यातल्या ‘देव’ला नाही. म्हणून कोणी ‘शब्द एक देव होता’ असे करतात, तर बरेचसे व्याकरणकार म्हणतात की क्रियापदाआधी आलेले असे नाम गुण किंवा स्वरूप दाखवते: जे देव होते, तेच शब्दही होता. मराठीत आर्टिकल नाही आणि कॅपिटल अक्षरही नाही. त्यामुळे आपल्या भाषांतरकाराला हा वाद टाळता आला. पण त्यामुळेच मराठी वाचकाला आपण वादातल्या कोणत्या बाजूला उभे आहोत ते समजत नाही. याच अध्यायाच्या १८ व्या वचनात मराठीत ‘एकुलता एक पुत्र’ आहे, तर १९५६ आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पी-६६ आणि पी-७५ या जुन्या पपायरसांत ‘पुत्र’च्या जागी ‘देव’ आहे. म्हणजे देवपणाकडे झुकणारे पाठ नेहमी उशिराचेच असतात, हेही खरे नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले (५:७) स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य मात्र खरोखरच मागाहून शिरले. इरास्मस या डच विद्वानाच्या छापील ग्रीक करारात ते १५२२ च्या आवृत्तीपासून आले, त्याआधीच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत नव्हते.

इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेबद्दल लोकांचा एक समज झाला आहे, आणि २००३ च्या एका तडाखेबंद खपलेल्या कादंबरीने तो घट्ट केला: सम्राटाने मतदान घेतले, निसटत्या बहुमताने येशू देव झाला. तिथे जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटी दोघांनीच सही नाकारली. आणि वाद देव की माणूस असा नव्हताच. दोन्ही बाजू येशूला जगाच्या आधीचा, पूजनीय, देवाचा पुत्र मानत होत्या. प्रश्न होता तो पुत्र निर्माण झालेला की पित्याच्याच तत्त्वाचा. ‘ज्ञान’ (त्यालाच दोन्ही बाजू पुत्र समजत) स्वतःबद्दल बोलते ते नीतिसूत्रे ८:२२ ग्रीकमध्ये ‘मला निर्माण केले’ असे होते, हिब्रूत तोच शब्द ‘मिळवले’ असाही वाचता येतो. शेवटी परिषदेने ‘होमोऊसिओस’ हा शब्द निवडला: पित्याशी एकाच तत्त्वाचा. हा शब्द शास्त्रात कुठेही नाही. २६८ मध्ये अंत्युखियाच्या सभेने तो एका वेगळ्या प्रकरणात त्याज्य ठरवला होता. म्हणूनच ३८१ पर्यंत त्यावर धुमश्चक्री चालली. पण निकेयाचा प्रश्न तत्त्वाचा होता आणि पौलाचा होता नावाचा आणि भजनाचा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पत्रांत शोधले की दोन्ही बिघडतात. इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या एका रोमन गव्हर्नरने सम्राटाला कळवले की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला ‘जणू देवाला’ गातात तसे गातात. त्याला तत्त्वाशी काही देणेघेणे नव्हते, त्याने ऐकले ते लिहिले.

गेल्या चार दशकांत अभ्यासकांचा कल १९१३ च्या मांडणीपासून बराच दूर गेला आहे. येशूला उद्देशून प्रार्थना, त्याच्या नावाने बाप्तिस्मा, त्याचे भोजन, हे सगळे अगदी पहिल्या काही वर्षांतले, आणि ज्यू मंडळींतलेच, असे आता पुष्कळ जण मानतात. त्याला ‘देव’ म्हणावे की देवाचा मुख्य प्रतिनिधी, यावर एकमत नाही.

भाषांतरकाराला मात्र थांबून चालत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात दृष्टी मिळालेला माणूस येशूला ओळखत नाही; पुत्रावर विश्वास ठेवतोस का, असे येशूने विचारल्यावर तो विचारतो, ‘महाराज, तो कोण आहे?’ येशू सांगतो, तू त्याला पाहिले आहेस. मग तो म्हणतो, ‘प्रभूजी, मी विश्वास ठेवतो,’ आणि नमन करतो. प्रचलित मराठीत ३६ व्या वचनात महाराज, ३८ व्यात प्रभूजी. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी तोच ‘कुरिए’. आणि पी-७५ सह काही अतिशय जुन्या प्रतींत ते ३८ वे वचन मुळात नाहीच.