डच ईस्टरचे दोन दिवस आणि पूर्वेकडची आग

नेदरलँड्समध्ये ईस्टरला ‘पासन’ म्हणतात. गोव्यातल्या ‘पास्कांचें फेस्त’ या नावाचं मूळही तेच. हिब्रू ‘पेसाख’, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण सण, ग्रीक-लॅटिनमध्ये ‘पास्खा’ झाला आणि तिथून डच, पोर्तुगीज अशा निरनिराळ्या वाटांनी पसरला. ‘ईस्टर’ हे नाव एका जर्मानिक देवीवरून आलं असं म्हणतात. ते खरं मानलं, तरी त्याचा डच शब्दाशी संबंध पोचत नाही. डच प्रथांना सरसकट ‘मूळच्या ख्रिस्तपूर्व’ ठरवण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

सणाला सुट्टी दोन दिवस असते, रविवार आणि सोमवार. यामागे धर्मसुधारणेच्या काळातली ओढाताण आहे. 1574 च्या डॉर्डरेख्ट धर्मसभेत कॅल्व्हिनपंथीय, म्हणजे प्रॉटेस्टंट, पाद्र्यांचा सूर होता की रविवार तेवढा पुरे, बाकीचे सण बंद करा. पण लोक आणि नगरप्रशासनं सण सोडायला तयार नव्हती. अखेर 1618-19 च्या धर्मसभेने नियमावलीच्या 67 व्या कलमात नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा सण) ‘त्यांच्या दुसऱ्या दिवसासह’ मान्य केले. आजचा ‘दुसरा पासन’ त्याच तडजोडीला धरून आहे, मग तो दिवस फर्निचरच्या दुकानांत फिरण्यात का जाईना. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) त्या ओळीत नव्हता. आजही तो सार्वत्रिक सुट्टीचा दिवस नाही. बऱ्याच शाळा आणि शेअर बाजार बंद असतात, दुकानं मात्र उघडी. त्या आठवड्यात गावोगावी बाखचं मॅथ्यू पॅशन, येशूच्या अखेरच्या दिवसांवरची संगीतरचना, गायलं जातं. नारडनच्या मोठ्या चर्चमधली परंपरा 1922 पासूनची आहे.

आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, मुलं ‘पाल्मपासस्टोक’ घेऊन निघतात आणि मिरवणूक झाली की ती काठी एखाद्या म्हाताऱ्या किंवा आजारी शेजाऱ्याला देतात. दोन पट्ट्यांचा क्रूस, त्यावर रंगीत क्रेप कागद, मनुक्यांच्या माळा, अंडी आणि टोकाला पावाचा कोंबडा. कोंबडा पेत्राच्या नाकाराची आठवण: कोंबडा आरवण्याआधी या शिष्याने येशूला ओळखायला नकार दिला होता. 30 मनुका म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतची 30 चांदीची नाणी. हे अर्थ हल्ली शाळांत नीट समजावून सांगतात. काठी बिघडते ती कोंबड्यापाशी. भाजलेल्या पावात काठी खुपसली की मान तुटते, म्हणून भोक कच्च्या कणकेतच पाडायचं आणि फुगताना ते बुजू नये म्हणून काडी तशीच ठेवून भाजायचं. थंड हवेत खजुराच्या झावळ्या कुठून मिळणार? त्यांच्या जागी बुक्सस या सदाहरित झुडपाची डहाळी बांधतात. 2007 मध्ये देशात प्रथम दिसलेल्या बुक्सस-पतंगाच्या अळ्यांनी कितीतरी कुंपणं फस्त केली, त्यामुळे तीही पूर्वीसारखी सहज मिळत नाही.

न्याहारीचा ‘पासस्टोल’ आणि नाताळचा ‘केर्स्टस्टोल’ हा एकच पाव, फक्त नाव बदलतं. अर्धा किलो मैद्याला साधारण 200 ग्रॅम ‘आमांडलस्पेस’ लागतं, म्हणजे बदाम आणि साखर समभाग वाटून अंडं व लिंबाची साल घातलेलं सारण. मनुका भिजवून पुसून कोरड्या केल्या नाहीत तर कणीक चिकट होते. सारण सैल झालं की पाव भाजताना त्याच्याभोवती पोकळी पडते आणि कापताना काप सुटतो. स्वस्त पावात बदामाऐवजी जर्दाळूच्या बियांचा गर असतो. त्याला कायद्याने वेगळं नाव द्यावं लागतं, तेव्हा वेष्टण वाचून घ्यावं.

जुन्या प्रथा खरोखर टिकल्या त्या पूर्वेला, ट्वेंटे भागात. 1605 ते 1626 या काळात ओल्डेनझाल स्पॅनिश ताब्यात होतं, शेजारी म्युन्स्टरच्या बिशपचा मुलूख. त्यामुळे ईशान्य ट्वेंटे कॅथलिक राहिलं. तिथल्या ओटमार्सममध्ये आठ अविवाहित कॅथलिक तरुण, ‘पोअसकेअल्स’, ईस्टर चालवतात. दर वर्षी सर्वांत जुने दोघे बाहेर पडतात आणि दोन नवे येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार वर्षं. दोन्ही दिवशी संध्याकाळी ते फिकट रेनकोट घालून हातात हात घेतात, गाव मागे जोडलं जातं आणि गाणी म्हणत ती साखळी काही घरांच्या, खानावळींच्या एका दाराने आत शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडते. याला ‘फ्लोगलन’ म्हणतात. शेवटी चौकात मोठी माणसं लहान मुलांना तीनदा उचलतात, ‘हुर्रा’ म्हणत. जवळच्या डेनेकाम्पमध्ये सिंखराफन इस्टेटीतून आणलेल्या झाडाचा लिलाव होतो, आणि तो करतात ते यहूदा व इस्कर्योत अशी नावं घेतलेले दोघे तरुण.

रात्री पेटते ती ‘पासव्यूर’, ईस्टरची आग. मराठी माणसाला होळी आठवणारच. पण दोन्हींत ऐतिहासिक धागा काढू नये. ढिगाला लागतं कुंपणांची छाटणी केलेलं लाकूड. मध्ये खांब उभा करून भोवती फांद्या रचतात आणि तळाशी कोरडा पेंढा कोंबतात. ओलं लाकूड जास्त झालं की ज्वाळेआधी पांढरा धूर येतो. एकाच बाजूने पेटवलं तर ती बाजू आधी खचते आणि ढीग तिकडे कलंडतो. आठवडे आधी रचलेल्या ढिगात हेजहॉगसारखे छोटे काटेरी प्राणी आणि पक्षी आसरा घेतात, त्यामुळे लाकूड पेटवण्यापूर्वी हलवून पाहावं लागतं. रंगवलेल्या फळ्या, टायर यांना बंदी. पूर्वेकडच्याच होल्टन गावाजवळच्या एस्पेलो आणि डायकरहूक या वाड्यांत उंचीची जुनी चुरस आहे. एस्पेलोने 1987 मध्ये 27.87 मीटर गाठले, 2012 मध्ये 45.98 मीटर. तो जागतिक विक्रम 2016 मध्ये नॉर्वेतल्या ओलेसुंडने मोडला, आणि 2019 मध्ये ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाऊने तोही मागे टाकला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाऊस न झाल्याने नेदरलँड्समधल्या बऱ्याच होळ्या रद्द झाल्या, आणि पुढची दोन वर्षं करोनाने नेली. एरवी त्या पेटतात, आणि वारा पूर्वेचा असला तर पश्चिमेकडच्या शहरांत दुसऱ्या दिवशी खिडकी उघडताच जळक्या लाकडाचा वास येतो.