एनसीसी म्हणजे अमेरिकेची आरओटीसी नव्हे

अमेरिकेत वाढलेल्या भाच्याने विद्यापीठात आरओटीसी (रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर) घेतली, की पुण्या-नागपुरातल्या घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘म्हणजे आपल्याकडची एनसीसी.’ दोन्हीकडे गणवेश, पहाटेची परेड, कॅम्प आणि ‘कॅडेट’ हा शब्द असल्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण सैन्यात अधिकारी व्हायचं मनात असलेल्या मुलामुलींना हा गैरसमज महागात पडू शकतो.

आरओटीसी ही थेट अधिकारी घडवणारी व्यवस्था आहे. पहिल्या महायुद्धात उतरण्याआधी, 1916 साली अमेरिकेने कायदा करून ती उभारली. राखीव अधिकाऱ्यांची गरज होती, आणि ‘रिझर्व्ह ऑफिसर्स’ हे शब्द तिच्या नावातच आले. शिष्यवृत्ती नसलेला विद्यार्थी पहिली दोन वर्षं बंधनाशिवाय हे वर्ग करू शकतो. तिसऱ्या वर्षी मात्र करारावर सही करावी लागते, आणि तीही अमेरिकेचा नागरिक असेल तरच. (पालक एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी घरांनी हे आधीच लक्षात घ्यावं.) त्यानंतर केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला उन्हाळी शिबिरात त्याचं नेतृत्व पारखलं जातं. पदवी मिळते त्याच सुमारास तो सेकंड लेफ्टनंट होतो आणि एकूण आठ वर्षांच्या सेवेला बांधला जातो. ती पूर्णवेळ सैन्यात असते किंवा राखीव दलात. अमेरिकी जनरल कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून याच वाटेने निघाले आणि सेनादलांच्या सर्वोच्च पदापर्यंत पोचले.

एनसीसीत असा करार नाही. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून 1948 साली कायदा झाला. कॅडेट आहे एवढ्यावरून कुणावर लष्करी सेवेची सक्ती करता येणार नाही, हे त्या कायद्यातच आहे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. सैन्यात न जाणाऱ्या लाखो मुलांनाही त्यामुळे शिस्त, नकाशावाचन, रायफल आणि सोबत राहण्याची सवय मिळाली. गंमत अशी की ब्रिटिश काळात, 1942 पासून आपल्याकडे ‘युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ होती. नावाने ती आरओटीसीच्या जास्त जवळची. तिच्या जागी एनसीसी आली.

पदांची नावंही घोटाळा करतात. ‘सीनियर अंडर ऑफिसर’ हा कॅडेटच असतो. कॉलेजात लेफ्टनंट किंवा कॅप्टन म्हणून ओळखले जाणारे सर बहुतेकदा प्राध्यापक असतात आणि त्यांचं प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत) झालेलं असतं. ती एनसीसीची संस्था आहे. लष्कराचे अधिकारी घडतात ती ओटीए चेन्नईची. दोन्हींची आद्याक्षरं सारखी, त्यामुळे जाणकारही कधी कधी फसतात.

मग एनसीसीचा फायदा काय? मोठा आहे. एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने मिळालं असेल आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची (कंबाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेसची) लेखी परीक्षा न देता एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, जाता येतं. एसएसबीचे पाच दिवस मात्र चुकत नाहीत. गटकार्य, मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत यांत खाकी गणवेशाचे वेगळे गुण कुणी देत नाही. निवड, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी पार केली, की चेन्नईत 49 आठवडे. अमेरिकन मुलगा जो पाया विद्यार्थी असतानाच घालतो, तो आपल्याकडे पदवीनंतर घातला जातो. नंतर दहा वर्षांची शॉर्ट सर्व्हिस, ती चौदापर्यंत वाढू शकते.

म्हणून कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एनसीसीच्या निवडीला उभं राहा. ‘सी’ परीक्षेपर्यंत पोचायला साधारण तीन वर्षं लागतात आणि स्पेशल एंट्रीची वयोमर्यादा 19 ते 25 आहे. दुसऱ्या वर्षाला आल्यावर जाग आली, तर ही वाट बहुधा हातची जाते आणि सीडीएसच्या लेखी परीक्षेचा अभ्यास सुरू करावा लागतो.